बुटले साहेबांची बाटली

आमच्या कापूस खरेदी केंद्रावर प्रत्येक जण प्रत्येकावर संशय घ्यायचा आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटायचं नाही. शेतकऱ्याला वाटायचं ग्रेडर व्यापाऱ्यांना मिळालेला आहे. ग्रेडरला वाटायचं शेतकऱ्याने कापसावर पाणी मारलेलं आहे. केंद्रप्रमुखाला वाटायचं आम्ही सगळेच एकमेकांना मिळालेलो आहोत. मी काट्यावरचा कारकून. रिकाम्या गाडीचं वजन व्हायला लागलं की गाडीवाला आधी माझ्या पायांकडे बघायचा, मी काट्याच्या पाटावर पाय तर ठेवला नाही ना म्हणून. सुरुवातीला मी चिडायचो, पुढे मीही तेच शिकलो. आज पेन्शनीत बसून मी दूधवाल्याच्या मापाकडे ज्या नजरेने बघतो ती नजर त्या केंद्राची देणगी आहे, असं आमच्या घरात मानलं जातं.

पण या विषयात आम्हा सगळ्यांचे गुरू म्हणावेत असे एकच गृहस्थ तिथे होते. नारायणराव बुटले, कापसाची प्रत ठरवणारे आमचे ग्रेडर.

कापसाचे ते दिवस वाईट होते. भाव मिळत नव्हता, पिशवीतलं बियाणं कसलं आहे ते उगवल्यावर कळायचं, आणि विकलेल्या कापसाचे चुकारे महिनोन्‌महिने यायचे नाहीत. झरी जामणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आमचं केंद्र होतं. दिवाळीनंतर उघडायचं आणि उन्हं तापेपर्यंत चालायचं. तेवढे महिने आम्ही चार-पाच जण आवारातल्याच खोल्यांत राहायचो. बुटले साहेबांचं घर यवतमाळला. शनिवारी दुपारच्या एसटीने ते घरी जायचे आणि सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने परत यायचे.

अंगाने वाळलेले, मिशा बारीक, आणि शर्टाची उजवी बाही कायम खांद्यापर्यंत गुंडाळलेली. तो हात दिवसभर कापसात असायचा. गाडीवर चढायचे, हात खांद्यापर्यंत आत खुपसायचे आणि तळातून मूठभर कापूस ओढून काढायचे, कारण वरचा कापूस दाखवायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. मग एक सरकी दाताखाली धरायची. कट्ट आवाज आला तर कापूस वाळलेला, नाही आला तर ओला. मग दोन अंगठ्यांच्या मध्ये चिमूटभर रुई धरून हळूच ओढायची आणि धागा किती लांब निघतो ते उन्हात बघायचं. एवढं सगळं झालं की मगच ते गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघत. एकदा मी म्हटलं, आधी माणसाला नमस्कार तरी करावा. ते म्हणाले, "कापूस सांगते बाबू, मानूस लपवते. कायले आधी त्याले पाहू?"

हाताशी आलेली कोणतीही वस्तू ते पहिल्यांदा नाकाशी न्यायचे. चहा, भाकरी, पगाराचं पाकीट, सगळं. मी नवीन रुजू झालो तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारला, की माझी बदली कुणाच्या सांगण्यावरून झाली. कुणाच्याच नाही, हे उत्तर त्यांना पटेना. शेवटी मी वैतागून पुसदच्या एका खोट्याच मामाचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी मला पहिल्यांदा चहा पाजला. अर्थात त्या मामाची चौकशी त्यांनी पुढे महिनाभर चालू ठेवली.

मलाही त्यांच्याविषयी शंका होत्याच, खोटं कशाला बोलू. इतका कडक माणूस, इतका चिक्कू माणूस, सरकारी पगारात कोटाला ठिगळ लावून फिरणारा. याचा अर्थ आतून कुठेतरी पैसा मुरत असणार, असं मी आणि केंद्रावरचे बाकीचे अगदी खात्रीने बोलायचो. त्यांच्या कंजूषपणाला आम्ही सोंग समजायचो.

आता डासांकडे येतो.

जिनिंगच्या आवारात आगीच्या भीतीने पाण्याचं एक मोठं उघडं टाकं कायम भरलेलं ठेवावं लागे. कापसाला ठिणगी लागली तर तेवढंच हाताशी पाणी. त्या टाक्यात डास इतके व्हायचे की संध्याकाळी चार वाजता गाडीवर उभं राहून बोलायला तोंड उघडलं तर एखादा आत जायचा. टाक्यावर रॉकेल टाकायची सोय नाही, कारण तेच पाणी आगीवर मारायचं. अगरबत्ती किंवा डासांची जळती वेटोळी लावायची तर सोयच नाही, कारण आवारात बिडीलासुद्धा बंदी. आणि विजेवर चालणारं यंत्र लावावं तर भारनियमन. दिवसातले अर्धे तास तार नुसती शोभेला असायची.

अशात बुटले साहेबांच्या जावयाने परदेशातून एक वस्तू आणली. तळहाताएवढी डबी, आत दोन सेल, एक बारका पंखा आणि पंख्यापुढे औषधात भिजवलेली एक छोटी गादी. डबी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची आणि बटण दाबायचं. ती घूंऽऽ आवाज करत राही आणि म्हणे हातभर अंतरात डास फिरकत नसे. खरंच फिरकत नसे का, याची मला आजतागायत शंका आहे. पण साहेब ती लावून गाडीवर उभे राहिले की मोठे ऐटीत दिसायचे.

या डबीने पहिल्याच आठवड्यात गंमत केली. गेटबाहेरच्या गाड्यांत बातमी पसरली की ग्रेडरने कापसातलं पाणी पकडायचं यंत्र आणलं आहे. आवाज चढला की ग्रेड उतरते. डबीतले सेल कमजोर झाले की आवाज आपोआप बसायचा आणि नवे घातले की चढायचा, त्यामुळे लोकांना पुरावाही मिळत गेला. एक शहाणा गाडीवाला तर साहेबांना म्हणाला, यंत्र बंद करून हातानं पाहा, मग मी ग्रेड मानतो. साहेबांनी बंद केलं नाही आणि खरं काय तेही सांगितलं नाही. त्या आठवड्यात रांगेतल्या काही गाड्या गेटपर्यंत येऊन मुकाट्याने वळल्या, कापूस दोन दिवस उन्हात घालून परत आल्या. मी हसलो तर ते गंभीरपणे म्हणाले, "मी कायी बोललो का? त्याईच्या मनात पाणी होतं, थे परत गेले."

डबीबरोबर आलेल्या सहा गाद्या महिन्यात संपल्या आणि खरा बुटले अवतार सुरू झाला. नव्या गाद्या यवतमाळात मिळेनात, नागपुरातही मिळेनात. जावयाकडे मागणं म्हणजे पोरीच्या घरी हात पसरणं, ते साहेबांना जमणारं नव्हतं. शिवाय त्यांना संशय होता की डबी स्वस्त द्यायची आणि गादीत लुटायचं असाच त्या कंपनीचा बेत आहे. हा संशय मात्र मला आजही बरोबर वाटतो.

म्हणून त्यांनी गादी घरी बनवायला घेतली. आधी टीपकागद कापून पाहिला, तो वाऱ्याने वाळून जायचा. मग जुन्या टोपीतला लोकरीचा तुकडा लावला, त्याला मेंढीचा वास यायचा. कडुनिंबाचा अर्क, कापूर, निरगुडी, असं काय काय उकळून त्यांनी त्यात बुडवलं. एका प्रयोगाने डास गेले नाहीत पण साहेबांना दोन दिवस शिंका आल्या. अखेर त्यांनी तोडगा काढला तो असा. बाजारात विजेच्या यंत्रासाठी औषधाच्या रिफिल बाटल्या मिळत, त्या परदेशी गादीच्या मानाने खूपच स्वस्त. बाटलीतली काडी पक्कडीने उपटून टाकायची, तोंडात कापसाचा बोळा बसवायचा आणि त्या बोळ्याने कापसाच्याच गादीवर औषध फिरवायचं. सेल संपत आले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे अजून चार दिवस चालतात. अशी एक बाटली ते दोन महिने पुरवायचे.

बाटली विकत घेताना दुकानदाराचा अंत बघायचे. सील नखाने खरवडून पाहायचे, बाटली उलटी करून बुडबुडा किती सावकाश चढतो ते पाहायचे, झाकण उघडायला लावून वास घ्यायचे. दुकानदार म्हणाला, साहेब, हे अत्तर नाही. साहेब म्हणाले, अत्तर असतं तर एवढं पाह्यलं नसतं.

बाटलीच्या अंगावर औषधाच्या पातळीशी ते एक दोरा बांधायचे. रोज वापर झाला की दोरा खाली सरकवायचा. शनिवारी घरी जाताना पातळी आणि दोरा जुळवून बाटली खोलीतल्या फळीवर ठेवायची आणि कुलूप लावायचं. कुलपाची दुसरी किल्ली लेतूकडे असे, कारण रविवारी खोल्या झाडायचं काम त्याचं होतं.

लेतू टेकाम आमचा चौकीदार. झरी जामणीच्या जंगलातल्या एका पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, कोलाम आदिवासी, वय पन्नाशीचं. घरी तीन एकर कोरडवाहू शेती, आणि सीझनभर रोजंदारीवर आमच्या गेटवर. बोलणं कमी. गेटवर गाड्यांची रांग लागली की मागचा पुढे घुसू पाहायचा, भांडणं व्हायची. लेतू नुसता जाऊन बैलाच्या वेसणीला हात लावून उभा राहायचा आणि गाडी मागे घ्यायचा. त्याच्या शब्दाला रांगेत मान होता. सीझन संपला की वनखात्याची वणव्याची राखण आणि तेंदूपानाच्या गोदामाची किल्ली त्याच्याकडे यायची, दरवर्षी. त्याच्याकडे जमीन-जुमला नव्हता म्हणण्यासारखा, पण चार ठिकाणच्या किल्ल्या त्याच्याकडे असत, आणि त्यावर त्याचं घर चाले.

माघात एका गाडीत अपूर्व कापूस आला. साहेबांनी अंगठ्यांत धरून ओढला, पुन्हा ओढला. मग मला बोलावून धागा दाखवला. असा लांब, असा पांढरा कापूस त्या वाईट वर्षांत आमच्या गेटवर आला याचं त्यांना एखाद्या पाहुण्यासारखं कौतुक. नमुन्यातला थोडा त्यांनी ठेवून घेतला, सरकी हाताने काढली आणि जुना बोळा फेकून त्या कापसाची एक लांब वात वळून बाटलीच्या तोंडात बसवली. आतलं टोक तळापर्यंत, बाहेरचं टोक चांगलं वीतभर, बाटलीच्या अंगावरून खाली आलेलं. हाताला धरायला बरं आणि गादीवर फिरवायला बरं. त्या वातीचा त्यांना फार अभिमान होता.

त्याच्या पुढच्या सोमवारी औषध दोऱ्याच्या खाली होतं.

साहेबांनी दोरा नव्या पातळीशी जुळवून बांधला. दुसऱ्या सोमवारी बोटभर खाली. तिसऱ्या शनिवारी त्यांनी दोन दोरे बांधले, मला साक्षीला बोलावून पातळी दाखवली आणि मगच एसटी पकडली. आता माणूस एवढी तयारी करून जातो म्हणजे त्याला चोर कोण ते कळलेलं असतं, फक्त पकडायचा असतो. मलाही कळलेलं होतं. खोलीची दुसरी किल्ली एकाकडेच होती.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेटबाहेर पस्तीस-चाळीस गाड्या उभ्या होत्या. साहेब एसटीतून उतरले, खोलीत गेले आणि बाटली हातात घेऊन थेट गेटवर आले. लेतूच्या खांद्यावरचं दुपट्टं त्यांनी ओढलं, नाकाशी नेलं आणि सगळ्यांसमोर ते माझ्या नाकाशी धरलं. दुपट्ट्याला त्या औषधाचाच वास होता. मला तो स्पष्ट आला.

"काहून रे लेतू, हा वास कायचा?"

"फळी पुसली साहेब. चिकट झालती," लेतू म्हणाला.

साहेब हसले. एवढ्या गाड्यांसमोर मोठ्याने म्हणाले, चोराले फळी आठोते. गाड्यांवरचे काही जण हसले. कुणीतरी म्हणालं की चौकीदारच असा, तर आमच्या कापसाचं काय. त्या एका वाक्याने सगळं फिरलं. लोकांना कधीपासून आपल्या गाडीतला कापूस रांगेत कमी होतो असं वाटतच होतं, त्याला आता चेहरा मिळाला. केंद्रप्रमुख बाहेर आले. त्यांनी मला विचारलं, तुम्ही रविवारी इथे होता, काही पाहिलंत का. मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

हे खरंच होतं. पण मला हेही माहीत होतं की लेतू रविवारी त्या खोलीत झाडण्यापुरताच जातो, तेही दार सताड उघडं ठेवून. ते मी सांगितलं नाही. कारण दुसरी एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, की लेतू नाही म्हटलं तर पुढचा नंबर माझा. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, पुढे वाटली आणि अजून वाटते.

दुपारपर्यंत लेतूला काढलं. त्याने किल्ल्यांचा जुडगा मेजावर ठेवला, दुपट्टं मागितलं आणि रांगेच्या कडेने चालत गेला. नेहमी त्याला रामराम करणारे त्या दिवशी बैलांकडे बघत होते.

त्याच्या जागी कुणाच्या तरी चिठ्ठीने दुसरा माणूस आला. साहेबांनी त्याला किल्ली दिलीच नाही. बाटली आता त्यांच्या लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलेली. आणि पहिल्याच सोमवारी औषध पुन्हा खाली गेलेलं.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरकी दाताखाली धरल्यासारखं पाहिलं. मग दोन दिवस माझ्या खोलीवरून जाताना जरा हुंगत जायचे. मी संतापून माझी उशी, गादी, टॉवेल सगळं त्यांच्या दारात नेऊन टाकलं आणि म्हटलं, घ्या वास. त्यांनी खरंच घेतला. असा माणूस.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली ती वेगळ्याच आवाजात. पेटी उघडी होती. पेटीत या वेळी बाटलीखाली त्यांचा पांढरा धुवट शर्ट घडी करून ठेवलेला, त्यावर तळहाताएवढा तेलकट डाग. वातीचं बाहेरचं टोक त्या डागात बुडालेलं. त्यांनी ते टोक चिमटीत धरलं, दाबलं, आणि एक थेंब शर्टावर पडला. थोड्या वेळाने आणखी एक. मग मी फळीकडे पाहिलं. बाटली जिथे ठेवलेली असायची तिथलं लाकूड काळपट, गुळगुळीत झालेलं होतं. तिथे आमच्यापैकी कुणी आजवर बोट लावून पाहिलं नव्हतं. लेतूने पाहिलं होतं, पुसलंही होतं आणि सांगितलंही होतं.

साहेब खाली जमिनीवर बसले. वात बाहेर काढून सवयीने दोन अंगठ्यांत ओढली आणि धागा बघत राहिले. जुना बोळा हलक्या कापसाचा, आखूड, म्हणून औषध आत राहायचं. या उत्तम कापसाने ते आतून शोषून बाहेर आणून सोडलं होतं, रात्रंदिवस. इतर दिवशी ते वापरात गेलं असं समजून साहेब दोरा खाली सरकवत राहिले होते.

"तीस वर्सं कापूस पाहून राह्यलो बाबू," ते म्हणाले. "कापूस पेते हे मले समजू नये. अन् त्या मानसाच्या तोंडाकडं मी पाह्यलं बी नाई."

त्याच दिवशी त्यांनी केंद्रप्रमुखाला लेखी दिलं की चोरी झालीच नव्हती, चूक त्यांची स्वतःचीच. केंद्रप्रमुखाने कागद वाचला, घडी केली आणि विचारलं, टेकामने तुम्हाला काही दिलं का? नवा माणूस ज्याच्या चिठ्ठीने आला होता त्याला दुखवायची त्यांची तयारी नव्हती. कागद फायलीत गेला.

त्या शनिवारी साहेब घरी गेले नाहीत. रविवारी मला घेऊन लेतूच्या पोडावर निघाले. एसटी सोडून दोन कोस चालत. मला सारखं वाटत होतं की हा माणूस माफी मागायला नाही, स्वतःवरची तक्रार टाळायला चालला आहे. मे महिन्यात त्यांची निवृत्ती होती, तक्रार झाली तर पेन्शन अडकली असती. हे मी त्यांना वाटेत बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, असन. त्यासाठीबी असन.

लेतू अंगणात दोरी वळत बसला होता. त्याने आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. साहेबांनी सगळं सांगितलं, वात, पेटी, शर्ट. लेतूची बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनेच मग सांगितलं की वनखात्याने या वर्षी राखणीला दुसऱ्याला घेतलं आणि तेंदूच्या गोदामाची किल्लीही दिली नाही. त्यांच्या कानावर गेटवरची गोष्ट गेली होती. बाजारात लोक लेतूला बघून पिशवी या हातातून त्या हातात घेतात, असं ती म्हणाली. साहेबांनी खिशात हात घातला. लेतूने मान हलवली.

"पैसे नोका देऊ साहेब. तुमी गाड्याईसमोर बोलले होते. गाड्याईसमोरच सांगा."

साहेब म्हणाले, उद्याच सांगतो. पण उद्या सांगायला गाड्याच नव्हत्या. सीझन उतरला होता, फरदडीचा शेवटचा हलका कापूस घेऊन दिवसाला दोन-तीन गाड्या येत. लेतू म्हणाला, दोन गाड्याले सांगून काय होते, बोलले तवा चाळीस होत्या. मग नवीन सीझनला सांगतो, असं साहेब म्हणाले. लेतूने पुन्हा दोरी वळायला घेतली. त्याला विश्वास वाटला नसणार. मला तर मुळीच वाटला नाही, कारण नव्या सीझनला साहेब नोकरीतच नसणार होते.

मेमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाला आम्ही शाल दिली, ती त्यांनी हुंगून घेतली. माझ्या मनातला मुरलेला पैसाही पुढे कधी कुठे दिसला नाही. यवतमाळला एका गल्लीत दोन खोल्यांत ते राहायचे, कोट तोच होता.

दिवाळी झाली, केंद्र उघडलं. भाव त्याही वर्षी पडलेलेच होते, तरी पहिल्याच सोमवारी गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत गाड्या लागल्या. नऊच्या सुमाराला गेटवरचा माणूस काट्यावर येऊन मला म्हणाला, एक म्हातारा गाड्यांजवळ जाऊन काहीतरी बडबडून राह्यला, हाकलू का? मी जाऊन पाहिलं तर बुटले साहेब. सकाळच्या पहिल्या एसटीने आलेले. आता ते कुणीच नव्हते, त्यामुळे त्यांना गेटच्या आत घेतलेलं नव्हतं. ते पहिल्या गाडीपाशी गेले, जुवाला हात लावला आणि म्हणाले, "मी बुटले, ग्रेडर होतो इथं. लेतू टेकामानं चोरी केली नवती. बाटली माहीच गळत होती. मी खोटं बोललो, त्याचं नाव खराब केलं."

गाडीवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याने विचारलं, कोनं सांगायले लावलं? साहेब म्हणाले, कोनंच नाई. पुढच्या गाडीवाल्याला वाटलं, या वर्षी ग्रेड कशी द्यायची त्याचा हा काहीतरी नवा डाव आहे. तिसरा म्हणाला, त्या टेकामाले परत नोकरीवर लावाचं असन. चौथा हसला. साहेबांनी कुणाशी वाद घातला नाही. प्रत्येक गाडीपाशी थांबायचे, तीच वाक्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचे, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, आणि पुढे सरकायचे. मी काटा सोडून त्यांच्या मागे मागे चालू लागलो. एका गाडीपाशी माझ्या तोंडून निघून गेलं की हे खरं आहे, मी तिथे होतो, मीही गप्प बसलो होतो. त्या गाडीवाल्याने माझ्याकडेही तसंच पाहिलं.

वीस-बावीस गाड्या झाल्या असतील. ऊन चढलं होतं, साहेबांचा घसा बसला होता. पुढच्या गाडीवर धुळीसाठी तोंडाला दुपट्टं गुंडाळून एक माणूस बसला होता, मागे बोऱ्यांत भरलेला थोडासाच कापूस. साहेबांनी जुवाला हात लावून सुरू केलं. मी बुटले, ग्रेडर होतो इथं. लेतू टेकामानं चोरी केली नवती. त्या माणसाने त्यांना मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, नाव खराब केलं इथपर्यंत. मग तोंडावरचं दुपट्टं खाली केलं.

"मले कायले सांगता साहेब," लेतू म्हणाला. "मले त माईत होतं."

साहेब तिथे उभे राहिले. त्यांचा हात जुवावरच होता. बराच वेळ त्यांनी लेतूच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान हलवली, कपाळ पुसलं आणि त्याच्या मागच्या गाडीकडे गेले.